पेटीपुरती जागा

मुंबईच्या मराठीत घराला घर म्हणण्याची चाल फारशी नाही. तेथे घराला 'जागा' म्हणतात. तेथे नवरा मुलगा पाहावयास गेलेली मंडळी प्रथम मुलाचे शिक्षण विचारीत, मग पगार विचारीत, आणि मग थोडे अडखळत विचारीत, 'जागेचे काय?' पणजीत, बेळगावात किंवा बडोद्यास हा प्रश्न अशा शब्दांत कोणी विचारीत नसे. तेथे घर लहान असेल, जुने असेल, भावाभावांत वाटून घेतलेले असेल, परंतु ते असे. मुंबईस मात्र आधी उभे राहण्यापुरती जमीन मिळवावयाची आणि मग तिला घर म्हणावयाचे, असा क्रम पडला. शहराच्या इतिहासाने हा शब्द घडविला आहे, आणि त्या इतिहासातील एक लहानसे प्रकरण गोव्याच्या माणसांनी आपल्या हातांनी लिहिलेले आहे.

शहराची अडचण मूळची भूगोलाची आहे. तीन बाजूंनी समुद्र आणि उत्तरेस खाडी अशा चिंचोळ्या बेटावर १८५४ मध्ये पहिली कापड गिरणी स्थापन झाली आणि पुढे गिरण्या, गोद्या व रेल्वेचे कारखाने एकामागून एक उभे राहिले. १९०१ मध्ये सुमारे पावणेआठ लाख असलेली वस्ती १९२१ मध्ये पावणेबारा लाखांच्या घरात गेली. माणसे आली त्या मानाने खोल्या वाढल्या नाहीत. १९११ च्या जनगणनेच्या वेळी शहरातील दोन-तृतीयांशांहून अधिक माणसे एका खोलीच्या बिऱ्हाडात राहत होती, आणि एका खोलीत सरासरी चारांहून जास्त माणसे भरत. सरासरी हा शब्द फार सभ्य आहे. जेथे चौघे तेथे दहाही असत, हे गिरणगावातील जुन्या माणसांस सांगावे लागत नाही.

अशा या शहरात गोव्याचा मनुष्य येई तो हातात एक पत्र्याची पेटी घेऊन. गोव्यात शेती थोडी, कारखाने जवळजवळ नाहीत, आणि सरकारी नोकऱ्या मोजक्या घराण्यांच्या हाती. तेव्हा एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून बार्देश, तिसवाडी व साष्टी या तालुक्यांतील तरुण उत्तरेकडे निघू लागले. प्रथम गलबताने, मग आगबोटीने, आणि १८८८ च्या सुमारास मार्मागोव्याहून कॅसलरॉकपर्यंत लोहमार्ग झाल्यावर लोंढा, बेळगाव, मिरज व पुणे या वाटेने ते मुंबईस पोचत. कोणी बोटीवर खलाशी होई, कोणी भटारखान्यात आचारी, कोणी साहेबाच्या बंगल्यावर चाकर, कोणी शिंपी, कोणी वाजंत्री. गोव्यातील चर्चच्या शाळांतून लहानपणीच सुरांची ओळख होत असे, त्यामुळे पलटणींच्या बँडमध्ये व पुढे सिनेमाच्या वाद्यवृंदात गोव्याची माणसे मोठ्या संख्येने दिसू लागली.

यांतील खलाशाची गरज सर्वांहून निराळी होती. तो वर्षातील बराच काळ समुद्रावर असे. प्रवास संपला की त्यास मुंबईस उतरावे लागे, आणि पुढच्या बोटीची चिठ्ठी मिळेपर्यंत आठवडेच्या आठवडे थांबावे लागे. या मधल्या काळात त्यास पगार नसे. एवढ्यासाठी बारा महिन्यांचे भाडे भरून खोली घेणे त्यास परवडणारे नव्हते, आणि धर्मशाळेत पेटी सोडून कामाच्या शोधात हिंडणेही शक्य नव्हते. त्यास पाहिजे होती ती रात्री चटई पसरण्यापुरती भुई, दिवसा पेटी सुरक्षित ठेवण्यापुरता कोपरा, गावचे पत्र येण्यासाठी एक पत्ता, आणि हे सर्व गोदीपासून व जहाज कंपन्यांच्या कचेऱ्यांपासून चालत जाण्याच्या अंतरावर.

ही गरज ओळखून गावकऱ्यांनी जी व्यवस्था केली तिचे नाव 'कूड'. कोकणीत कूड म्हणजे खोली. इंग्रजीत त्याला क्लब म्हणू लागले, आणि मुंबईकर मराठी माणसाने तोच शब्द उचलला. पण क्लब म्हटले की खुर्च्या, पत्ते आणि गार पेये डोळ्यांपुढे येतात, त्यांपैकी येथे काही नसे. एका गावच्या माणसांनी वर्गणी काढून धोबी तलाव, कावेल, माझगाव किंवा डोंगरी अशा भागात एक मोठी खोली अथवा मजला भाड्याने घ्यावयाचा, आणि त्या गावच्या कोणाही सभासदाने अल्प मासिक वर्गणी देऊन तेथे उतरावयाचे, एवढी ही साधी योजना होती. धोबी तलावावरील जेर महाल ही इमारत तर तिच्यातील अशा अनेक कुडांमुळे प्रसिद्ध झाली.

कुडात शिरले की प्रथम नजरेस पडे ती वेदी. तिच्यावर गावच्या चर्चच्या संताची मूर्ती किंवा तसबीर, पुढे मेणबत्त्या. भिंतींच्या कडेने पेट्यांच्या रांगा. पेटी हीच सभासदाची मालमत्ता आणि तीच त्याची हद्द. दिवसा तीच बसण्याचे आसन, तीच लिहिण्याचे मेज, तीच कपाट. रात्री तिच्या पुढ्यात चटई पसरली की झाले त्याचे शयनगृह. खलाशी बोटीवर गेला तरी त्याची पेटी जागेवरून हलत नसे. समुद्रावर असताना त्याने फक्त आपली वर्गणी चालू ठेवावयाची, म्हणजे परत आल्यावर त्यास शहरात परक्यासारखे उभे राहावे लागत नसे. मुंबईतील घरांच्या व्यवहारात ही एक अगदी नवी गोष्ट होती. घरमालक खोलीचे भाडे घेतो, मग तिच्यात मनुष्य असो वा नसो. कुडाने खोलीचे भाडे पेट्यांत वाटून टाकले, आणि बाहेर गेलेल्या माणसाच्या रिकाम्या भुईवर आज मुंबईत असलेला मनुष्य झोपू शकला. मोठमोठ्या सरकारी समित्यांस जो हिशेब पुढे कित्येक वर्षे जुळविता आला नाही, तो येथे गावच्या चार वडीलधाऱ्यांनी कागद न खर्चता जुळविला होता.

नियम कडक असत. सायंकाळी घंटा वाजली की जपमाळेच्या प्रार्थनेस हजर राहावयाचे. गैरहजेरीबद्दल दंड असे. भांडणतंटा केल्यास बाहेर. हिशेब ठेवण्यास निवडलेली माणसे असत आणि वर्षातून एकदा तो सर्वांपुढे मांडला जाई. गावच्या फेस्ताच्या दिवशी ज्यांना गोव्यास जाता येत नसे ते कुडातच सण साजरा करीत. नवशिक्या पोरास कोणत्या कचेरीत कोणास भेटावे हे जुना खलाशी सांगे, आजारी पडलेल्याची शुश्रूषा होई, आणि कोणी परक्या शहरात वारला तर त्यास कबरस्तानापर्यंत पोचविणारे खांदे कमी पडत नसत. गावी पाठवावयाचे पैसे व पत्रे सुटीवर निघालेल्याच्या हाती जात. यामुळे गोव्यातील आईबापांस मुलगा मुंबईस गेला याची जेवढी चिंता वाटावयाची तेवढी वाटत नसे. तो आपल्या माणसांत आहे, एवढे त्यांस पुरे होई.

हे चित्र गोड आहे, पण ते पूर्ण नाही. कूड हा साधारणतः पुरुषांसाठीच असे. साहेबांच्या घरी आया म्हणून राबणाऱ्या गोव्याच्या स्त्रिया मुंबईस कमी नव्हत्या. त्यांची नोकरी सुटली की हा दरवाजा त्यांच्यासाठी सहसा उघडा नसे. लग्न करून बायकोस आणावयाचे म्हटले की सभासदास पेटी उचलावी लागे, आणि तेथून पुढे तो इतर मुंबईकरांसारखाच 'जागा' शोधीत वणवण फिरे. शिवाय गाव एक असले तरी गावातील सर्व माणसे एक नव्हती. जातिभेद बाप्तिस्म्याच्या पाण्याने धुऊन गेला नव्हता, तो पेटीबरोबर मुंबईसही आला, आणि एकाच गावचे जातवार निराळे कूड निघाल्याचे प्रकारही घडले. ज्या व्यवस्थेचा पाया 'आपला मनुष्य' हा आहे, तिच्यात आपला कोण हा प्रश्न केव्हा ना केव्हा उपस्थित होणारच.

दाटीचे दुष्परिणामही होते, आणि ते ओळखणारा मनुष्य गोव्याचाच निघाला हा एक योगायोग. बार्देशातील हडफडे येथे १८५६ मध्ये जन्मलेले डॉक्टर आकासियो गाब्रिएल व्हिएगस हे मांडवी भागात वैद्यकी करीत असत. १८९६ च्या सप्टेंबरात त्यांनी एका रोग्याचा ताप व गाठ पाहून ही प्लेगची साथ आहे असे निदान केले. प्रथम पुष्कळांना ते पटले नाही. पण पुढे साऱ्या शहराला ते पटवून घ्यावे लागले. लोक सैरावैरा गावोगाव पळाले, आणि मागे राहिलेल्यांच्या काळोख्या, कोंदट खोल्यांकडे सरकारचे प्रथमच नीट लक्ष गेले. व्हिएगस पुढे १९०६ मध्ये मुंबई महापालिकेचे अध्यक्ष झाले. त्यांचा पुतळा धोबी तलावावर, मेट्रो चित्रपटगृहाच्या समोर आहे. ज्या भागात गोव्याचे सर्वांत जास्त कूड तेथेच तो उभा असावा, हेही बरेच झाले.

प्लेगनंतर १८९८ च्या कायद्याने मुंबई इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याने दाट वस्त्यांतून सँडहर्स्ट रोड व प्रिन्सेस स्ट्रीट असे रुंद रस्ते काढले, समुद्राचा वारा आत यावा म्हणून शेकडो घरे पाडली, दादर-माटुंग्याकडे नवी वसाहत आखली. रस्ते झाले हे खरे, वाराही आला. परंतु पाडलेल्या खोल्यांच्या मानाने गरिबांसाठी बांधलेल्या खोल्या आरंभी थोड्याच होत्या. घरातून उठविलेला हमाल माटुंग्यास गेला नाही, कारण त्याचे काम मांडवीस होते. तो शेजारच्या गल्लीत, आधीच भरलेल्या चाळीत, आणखी एक बिऱ्हाड होऊन शिरला. ट्रस्टने पुढे चाळी बांधल्या त्यांतील परळच्या एका चाळीत दोन खोल्या घेऊन डॉ. बाबासाहेब आंबेडकर सुमारे १९१२ पासून १९३४ पर्यंत राहिले, एवढे सांगितले म्हणजे त्या खोल्यांची योग्यता कळून येईल. मुंबईच्या चाळीच्या दोन खोल्यांत काय काय मावू शकते याचे दुसरे उदाहरण देण्याची गरज नाही.

गिरणगावात सातारा व रत्नागिरीहून आलेल्या कामगारांनीही कुडासारखाच मार्ग काढला होता. गावकीने खोली किंवा गाळा भाड्याने घ्यावयाचा, पाळीने झोपावयाचे, आणि जेवणास जवळच्या खानावळीत महिना लावावयाचा. दिवसपाळीचा मनुष्य उठला की रात्रपाळीचा त्याच वळकटीवर आडवा होई. या खानावळी बहुतेक बायका चालवीत, आणि त्या सावकारांच्या कचाट्यात सापडलेल्या असत. १९७५ मध्ये त्यांना संघटित करून अन्नपूर्णा महिला मंडळ काढणाऱ्या प्रेमा पुरव या गोव्याच्या मुक्तिलढ्यातून आलेल्या होत्या. कुडाचा दरवाजा गोव्याच्या स्त्रीस बंद होता खरा, पण मुंबईतील बिनघरच्या पुरुषांस जेवू घालणाऱ्या बायकांचा कैवार घेण्यास गोव्याचीच एक स्त्री पुढे आली.

आता सरकारी प्रयत्नाकडे वळू. गव्हर्नर सर जॉर्ज लॉईड यांनी १९२० मध्ये डेव्हलपमेंट खाते उभारले आणि कामगारांसाठी पन्नास हजार खोल्या बांधण्याचा संकल्प सोडला. खर्चाच्या भरपाईसाठी शहरात येणाऱ्या कापसाच्या गाठीमागे एक रुपया कर बसविला. वरळी, नायगाव, डिलाईल रोड व शिवडी येथे २०७ चाळी उभ्या राहिल्या. तळमजल्यावर तीन मजले, प्रत्येक मजल्यावर मधल्या बोळाच्या दोन्ही अंगांस मिळून वीस खोल्या, एका चाळीत ऐंशी, आणि खोली १६० चौरस फुटांची. सर्व बांधणी सिमेंट काँक्रीटची, संडास सामाईक. पन्नास हजारांच्या ठिकाणी एकंदर सोळा हजारांच्या वर काही खोल्या झाल्या आणि काम थांबले.

आणि मग मुंबईच्या इतिहासातील एक विलक्षण देखावा दिसला. शहरात माणसे जिन्यांवर व फुटपाथवर झोपत होती, आणि सरकारच्या नव्या चाळींतील हजारो खोल्यांना कुलपे होती! भाडे सरकारने खर्चाहून कमी ठेवले होते, ते पुढे आणखी कमी केले, तरी ते कामगारास जड जाई. वरळी त्या वेळी शहराबाहेर पडल्यासारखी होती. गिरणी लांब, बाजार लांब, दवाखाना लांब. त्यातच गिरणीधंद्यात मंदी आली, १९२४, १९२५ व १९२८ मध्ये मोठे संप झाले, आणि पगार बुडालेला कामगार नवी खोली घेण्याऐवजी गावची वाट धरी. खुर्शेद फ्रामजी नरिमन यांनी या खात्याच्या कारभारावर, विशेषतः बॅक बे भरणीवर, टीकेची झोड उठविली. १९३० च्या कायदेभंगाच्या चळवळीत वरळीच्या काही चाळींत सरकारने सत्याग्रह्यांना कोंडले, म्हणजे शेवटी त्या खोल्यांना रहिवासी मिळाले ते असे. पुढे दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास शहर फुगले, आणि मग याच चाळींत एकेका खोलीत दोन पिढ्या नांदू लागल्या. खोल्या वाईट होत्या म्हणून त्या ओस पडल्या असे म्हणणे अन्यायाचे होईल. बांधणाऱ्यांनी भिंतींचा खर्च मोजला, पण कामगाराच्या चालण्याचा व त्याच्या रोजाचा हिशेब घेतला नाही.

भाड्यावर कायद्याचा लगाम प्रथम पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, १९१८ मध्ये, घालण्यात आला. तो १९२८ च्या सुमारास सुटला आणि दुसऱ्या युद्धाबरोबर परत आला. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने १ सप्टेंबर १९४० रोजी जे भाडे होते तेच प्रमाण भाडे ठरविले. ज्यांना जागा होती ते बचावले. ज्यांना नव्हती त्यांच्यासाठी पागडी आली. भाडे वाढविता येत नाही, तेव्हा जागा सोडणाऱ्याने व मालकाने नव्या भाडेकरूकडून एकरकमी पैसा घ्यावयाचा, हा व्यवहार बेकायदेशीर असूनही अर्धशतक उघडपणे चालला, आणि १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने त्यास मान्यता दिली. मालकास भाडे इतके अल्प मिळे की इमारतीची डागडुजी तो करीनासा झाला. इमारती कोसळू लागल्या, म्हणून १९६९ मध्ये दुरुस्ती मंडळाचा कायदा करून जुन्या इमारतींवर उपकर बसवावा लागला. अशा उपकरपात्र इमारती एकोणीस हजारांच्या वर होत्या.

कुडांचे नशीब या कायद्याशी बांधले गेले. बहुतेक कूड अशा जुन्या इमारतींत भाडेकरू होते. भाडे गोठले म्हणून वर्गणीही अल्प राहिली; १९४७ चा कायदा नसता तर धोबी तलावासारख्या ठिकाणी चटईपुरती भुई गरीब खलाशास कोणी ठेवू दिली असती? पण त्याच गोठलेल्या भाड्यामुळे डोक्यावरचे छत गळू लागले. मध्यंतरी राजकारणाचाही फटका बसला. १९५५ मध्ये गोव्याचा लोहमार्ग बंद झाला, येणेजाणे परवान्यांवर आले, आणि १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त होईपर्यंत कितीतरी माणसांना घरचा सण कुडातच करावा लागला. पुढे १९७० नंतर तरुणांचे लक्ष आखाती देशांकडे वळले, विमानाची वाट सुरू झाली, आणि १९९८ मध्ये कोकण रेल्वेने मुंबई व गोवा यांतील अंतर एका रात्रीवर आणले. पेट्यांच्या रांगा विरळ झाल्या. काही कुडांना कुलपे लागली.

जे उरले त्यांच्यापुढे निराळाच पेच आहे. जुनी इमारत पाडून नवी बांधताना प्रत्येक भाडेकरूस नवी जागा मिळते. पण चाळीस पेट्यांचा कूड झाला तरी भाडेपावती एकच, आणि पावती एक म्हणून भाडेकरूही एकच. पेटी ठेवणाऱ्याचा हक्क हा गावकीच्या वहीतला आहे, सरकारी दप्तरातला नाही. बंद झालेल्या कुडाच्या जागेवर कोणाचा अधिकार, हयात असलेल्या सभासदांचा, गावच्या चर्चचा, की किल्ली ज्याच्या खिशात राहिली त्याचा, हे वाद गावोगावी ऐकू येऊ शकतात, कारण ज्या जागेला एके काळी केवळ एक रात्र काढण्यापुरते मोल होते, तिचे मोल आता कोटींत होते.

वरळीच्या चाळींचा निकाल मात्र लागत आला आहे. १४ ऑगस्ट २०२५ रोजी तेथील पहिल्या ५५६ कुटुंबांस नव्या उंच इमारतींतील घरांच्या किल्ल्या देण्यात आल्या. १६० चौरस फुटांच्या खोलीच्या बदल्यात त्यांना ५०० चौरस फुटांचे घर मिळाले, आणि तेही मालकीचे. ज्या खोल्या घेण्यास शंभर वर्षांपूर्वी कोणी पुढे येत नव्हते, त्यांच्या पावत्या पणजोबांपासून जपून ठेवणाऱ्यांच्या हाती हा लाभ आला.

धोबी तलावावर या एकविसाव्या शतकातही काही कूड चालू राहिले. तेथे बोटीची वाट पाहणारे थोडे, आणि रुग्णालयात उपचारास, परीक्षेस किंवा परदेशच्या कागदपत्रांसाठी आलेले गावकरी अधिक. दाराशी वहीत नाव लिहावयाचे, वर्गणी द्यावयाची, भिंतीकडेच्या रांगेत पेटी सरकवावयाची, आणि संध्याकाळी घंटा झाली की वेदीपुढे जाऊन उभे राहावयाचे.